शेखी कुणाची, रुबाब कुणाचा?

उर्दू आणि मराठी असे दोन्ही तास घेणाऱ्या शिक्षकाला एक गंमत रोज दिसते. मोठेपणा मिरवणाऱ्या माणसासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतले कितीतरी उर्दूच्या तासालाही भेटतात. अरबीत 'शेख' म्हणजे वयोवृद्ध, मान्यवर माणूस. उर्दूत त्याची 'शेखी' झाली आणि मराठीत आपण ती मिरवू लागलो. 'मिजाज' म्हणजे स्वभाव, प्रकृती. मराठीत 'मिजास' झाली की ती कुणीतरी उतरवावीच लागते. 'दिमाग' म्हणजे मेंदू, पण मराठीतला 'दिमाख' डोक्यात कमी आणि कपड्यांत जास्त असतो. 'नवाब'ची तर तऱ्हाच और. हा शब्द 'नायब'च्या घरातला, आणि नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. मालक वेगळाच!

मला सर्वांत आवडतो तो 'मगरूर'. अरबीत 'गुरूर' म्हणजे फसवणूक, आणि मगरूर म्हणजे फसवला गेलेला. आपण ज्याच्यावर चिडतो, त्याची खरे तर कीव यावी.

पण हे शब्द आपण माणूस बघून वापरतो, ते खुपतं. वलीम्याला उशिरा येऊन पहिल्या दस्तरख्वानावर हक्काने बसणाऱ्या पुढाऱ्याला तोंडावर कुणी मगरूर म्हणत नाही. 'त्यांचा रुबाबच तसा' म्हणतात. (या रुबाबाचं मूळ 'रुअब', म्हणजे धाक.) पाठ वळली की मग 'मोठा तीसमारखाँ लागून गेला'.

आणि घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेली मुलगी? बघायला आलेल्या लोकांना तिने खाली मान घालून एवढंच विचारलं, 'निकाहनंतर नोकरी चालेल ना?' की खालाजानपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणतात, 'चार बुकं शिकली नि शेफारली.' हाच प्रश्न मुलाने विचारला असता तर तो समंजस ठरला असता.

'मगरूर'चा मूळ अर्थ इथे लावून पाहा. मुलगी कशात फसली आहे? तिची गुणपत्रिका तर कपाटात आहे.

आठवीच्या मुली हे वाक्य घरी ऐकूनच वर्गात येतात. उत्तर येत असतं, पण हात खांद्यापर्यंतच वर होतो, आणि आधी शेजारच्या बाकाकडे पाहून घेतात.