सीटखालचं फडकं फेकू नका

तुमच्या बाईकची सीट उघडा. टूलकिट असेल, घडी पडलेला पीयूसीचा कागद असेल आणि शेजारी एक काळपट, कडक, कुबट वासाचं फडकं असेल. दुकानातून आणलं तेव्हा ते निळं किंवा पिवळं आणि छान मऊ होतं. आता ते पाणी टिपत नाही. हेल्मेटची काच पुसली तर धूसर पट्टे उठतात. मग आपण म्हणतो, ‘जाऊ दे, नवीन घेऊ.’ जुनं फडकं नाल्यात जातं, नाहीतर कचऱ्याबरोबर पेटवलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. यातली बरीच फडकी संपलेली नसतात, आपण ती चुकीची धुतलेली असतात. आणि जी खरंच संपलेली असतात, ती नाल्यात किंवा आगीत टाकायची वस्तूच नाही.

आधी हे फडकं कशाचं असतं ते बघू. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉनच्या जातीचं पॉलिअमाइड, यांचे अतिबारीक धागे. किती बारीक? असा एक धागा 9 हजार मीटर लांब ओढला, तरी त्याचं वजन 1 ग्रॅमच्या आत भरतं. हे धागे उभे चिरलेले असतात. त्या चिरांमध्ये पाणी, तेल आणि धूळ अडकते, म्हणून ते इतकं छान पुसतं. थोडक्यात, हात लावला तर कापड वाटतं, पण आहे ते प्लास्टिकच.

घोळ इथेच होतो. जुन्या कापडाचं काय करायचं हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडी विरली की पायपुसणं, मग पोतेरं, आणि शेवटी ते मातीत मिसळून गेलं. सुती कापडाला हा रस्ता ठीक आहे. पॉलिस्टरचं फडकं मात्र मातीत मिसळत नाही. त्याचे फक्त तुकडे होतात, मग तुकड्यांचे तंतू आणि तंतूंचा डोळ्यांना न दिसणारा चुरा. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द ज्यांच्यामुळे रुळला, त्या ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांचा समुद्रातल्या प्लास्टिकवरचा शोधनिबंध 2004 मध्ये आला. पुढे 2017 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अंदाज मांडला, की समुद्रात थेट बारीक कणांच्या रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे 35 टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून येतं.

तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे आणि सुरगाणा कुठे! पण आपला उतार कुठे जातो ते आठवा. नार आणि पार या आपल्या नद्या पश्चिमेकडे वाहतात. नार पारला मिळते आणि पार वलसाड जिल्ह्यातून अरबी समुद्र गाठते. पुलाखाली बाईक धुताना पिळलेलं फडकं त्याच वाटेला लागतं. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट. ज्या झऱ्याचं पाणी कुणाच्या तरी घरी प्यायला जातं, त्याच्या काठावर साबणाचं, तेलाचं आणि प्लास्टिकच्या तंतूंचं पाणी सोडणं मला पटत नाही. तुम्हालाही पटू नये.

मग धुवायचं कसं? मशीन लागत नाही, दोन बादल्या पुरतात. फडकं आधी कोरडंच जोरात झटका, निम्मी धूळ तिथेच जाते. एका बादलीत कोमट पाणी आणि थोडा पातळ साबण घ्या. पावडर नीट विरघळली नाही तर तिचे कण धाग्यांत बसतात. अर्धा तास भिजवा, हाताने दाबून मळ काढा, दुसऱ्या बादलीत खळबळून घ्या. ब्रशने घासू नका, दगडावर आपटू नका. उकळतं पाणी, इस्त्री आणि ब्लीच बंद. उष्णतेने ते बारीक धागे आखडतात आणि मग त्यांच्यात काही अडकत नाही. कपड्यांना सुगंध येण्यासाठी टाकतात ते कंडिशनरही नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि फडकं पाणी टिपायचं सोडून पसरवायला लागतं. टॉवेल-बनियनसोबतही धुऊ नका, कारण सुती कापडाचा सगळा भुगा हे फडकं ओढून घेतं.

उरलेलं पाणी रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वरचं निवळ पाणी बाईकच्या चाकांवरचा चिखल धुवायला वापरा. तळाचा गाळ जुन्या सुती कापडातून गाळा आणि जो भुगा अडकेल तो सुक्या कचऱ्यात टाका. सगळे तंतू अडकणार नाहीत हे खरंय, पण जे अडकले ते नदीत गेले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे फडक्यांची उतरंड लावा. नवं, मऊ फडकं फक्त हेल्मेटची काच, चष्मा आणि मोबाइलसाठी. थोडं जुनं झालं की टाकी आणि गाडीच्या रंगासाठी. त्याहून जुनं सीट, डॅशबोर्ड आणि चाकांसाठी. शेवटचं चेन आणि इंजिनसाठी. ही शिडी खाली उतरायची असते, वर चढायची नाही. एकदा चेनचं ग्रीस पुसलेलं फडकं कितीही धुतलं तरी टाकीवर फिरवायचं नाही. मातीत पडलेलं फडकंही तसंच. त्यात अडकलेला वाळूचा एक कण रंगावर गोल गोल ओरखडे काढायला पुरेसा असतो. ओळख पटावी म्हणून कडेला रंगीत दोऱ्याचे टाके घाला, एक टाका काचेचा, दोन रंगाचे, तीन चाकांचे. पुसताना फडक्याची दोनदा घडी घाला, म्हणजे पुसायला आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी.

ठेवायचं कुठे? सीटखाली ओलं कोंबायचं नाही. आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत त्याला वास सुटतो. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा. उघड्यावर ठेवलं तर ते गाडी पुसायच्या आधीच धूळ गोळा करतं. ग्रीसचं फडकं वेगळ्या पिशवीत, चुलीपासून लांब. आणि ते धुवायला पेट्रोल वापरायचा ‘शॉर्टकट’ कुणी सुचवला तर त्याला हात जोडा.

आता दोन आक्षेप. पहिला, ‘चहा-वड्याच्या पैशातल्या फडक्यासाठी एवढा खटाटोप?’ रोज बोरगाव–सापुतारा रस्त्यावर पिकअप चालवणाऱ्याला किंवा गॅरेजवाल्याला विचारा, वर्षभरात अशी किती फडकी जातात. आणि ओरखडे पडलेल्या हेल्मेटच्या काचेतून रात्री घाटात समोरचा दिवा कसा फाकतो, हेही विचारा. तो हिशोब चहा-वड्याचा राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. प्रत्येक धुण्यात तंतू सुटतात, मग पुन्हा पुन्हा धुऊन काय साधलं? म्हणूनच कमी धुवा, झटकून भागत असेल तर झटका. आणि मुळात प्रत्येक कामाला मायक्रोफायबर लागत नाही. चिखल, चेन आणि सायलेन्सरसाठी जुना सुती बनियन उत्तम. नाजूक पृष्ठभागापुरतंच हे फडकं ठेवलं तर चार-पाच फडकी पुष्कळ होतात. ऑनलाइन सेलमधला पन्नासचा गठ्ठा कशाला हवा?

शेवटी फडकं चिंध्या होईल तेव्हा ते जाळू नका. प्लास्टिकचा धूर आपल्याच छातीत जातो. सार्वजनिक जागी कचरा जाळायला आणि पाण्यात टाकायला 2016 च्या घनकचरा नियमांनीही मनाई केली होती. सुक्या कचऱ्यात द्या. कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशा फडक्यांसाठी एक झाकणाचा डबा ठेवणं एनएसएसच्या मुलामुलींना अवघड नाही. डबा भरला की तो नदीऐवजी कचरागाडीत जाईल, एवढी जबाबदारी घ्या.

नार-पारच्या पाण्यावर मोठमोठे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात आणि त्यात आपल्याला कुणी फारसं विचारत नाही. पण पुलाखाली उभं राहून काय पिळायचं आणि काय नाही, हे तरी आपणच ठरवतो. या रविवारी बाईक धुवाल, तेव्हा ती नदीवर न नेता अंगणात धुवा. आणि सीटखालचं ते कडक झालेलं फडकं आधी बादलीत भिजत घाला.