ऋणमुक्तीचा जमाखर्च

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांनी श्राद्ध व पिंडदान यांस आपल्या घरांतून कायमची रजा दिली. आजही नवी कुटुंबे त्याच मार्गाने धम्मात येत आहेत. अशा नवदीक्षित कुटुंबांना आमचा एक रोखठोक प्रश्न आहे : नवस, जत्रा, कंदुरी आणि श्राद्ध यांवरील जो खर्च थांबला, तो पैसा आज कोठे आहे? तो घरात शिल्लक आहे, की लग्नाच्या मांडवात, जेवणावळीत आणि वाजंत्रीत पुन्हा वाहून गेला? जुना देव्हारा उतरला, परंतु सावकाराची वही मात्र घरावर पूर्ववत राज्य करीत असेल, तर त्या घराची मुक्ती अर्धीच झाली असे म्हणणे भाग आहे.

कर्ज ही केवळ व्यवहाराची बाब आहे, धम्माचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, आणि तगाद्यातून बंधन अशी दुःखाची साखळीच उलगडून दाखविली आहे. अनाथपिंडिकाला उपदेश करताना गृहस्थाच्या चार सुखांत त्यांनी ऋणमुक्तीच्या सुखाची गणना केली. कोलियपुत्र दीघजाणू यास त्यांनी सांगितले, की तराजू धरणारा जसा पारडे किती झुकले हे जाणतो, तसा गृहस्थाने आपला आय आणि व्यय जाणावा. तेव्हा जमाखर्चाची वही ठेवणे हे धम्माचरणाचेच अंग आहे.

परंतु ही वही खरी असली पाहिजे. परतवाड्यासारख्या मेळघाटच्या पायथ्याच्या गावात मजुरी करणाऱ्या कुटुंबाची मिळकत बाराही महिने सारखी नसते. कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोडणी चालू असते तेव्हा हाताला काम असते; भर पावसाळ्यात कित्येक दिवस रिकामे जातात. अशा कुटुंबाने चांगल्या महिन्याची मिळकत पाहून खर्च ठरविला, तर श्रावणात सावकाराचे दार ठोठावणे अटळ आहे. म्हणून मिळकत वर्षाची धरावी आणि तिला बारांनी भागावे.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. चार चांगल्या महिन्यांत दरमहा १८,००० रुपये, पाच मध्यम महिन्यांत १२,००० आणि तीन पडत्या महिन्यांत ८,००० रुपये मिळतात. वर्षाची बेरीज १,५६,००० झाली. म्हणजे महिन्याचे उत्पन्न १३,००० रुपये. आता खर्च मांडू : धान्य, किराणा, तेल व भाजी ६,०००, भाडे, वीज व गॅस २,०००, मुलांचे शिक्षण व कपडे १,०००, औषधपाणी ७००, प्रवास व मोबाईल ८००, सणसमारंभ व आहेर ५००. एकूण ११,०००. उरलेल्या २,००० रुपयांपैकी १,५०० कर्जाकडे जावेत आणि ५०० अडीअडचणीसाठी बाजूस पडावेत. पडत्या तीन महिन्यांत केवळ घरखर्चालाच ९,००० रुपये कमी पडणार आहेत. हप्ता त्याहून वेगळा. ही रक्कम चांगल्या महिन्यांतच वेगळी काढली पाहिजे.

कित्येक कुटुंबे उत्साहाच्या भरात औषधाला शून्य, आहेराला शून्य असे अंदाजपत्रक करतात. ते दुसऱ्याच महिन्यात मोडते आणि मूल आजारी पडताच नवे कर्ज घरात येते. हप्ता थोडा लहान असला तरी चालेल. पण तो न चुकणारा असावा.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगास, दोन व्यवसायास, आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्यास. कर्जात बुडालेल्या घराला हे प्रमाण आज पाळता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु प्रत्येक रुपयाला आधीच त्याचे काम नेमून द्यावे, हा त्यातील न्याय आजही पाळता येतो.

सर्व कर्जे एका कागदावर मांडा आणि ज्याचे व्याज सर्वांत जड, ते आधी फेडा. वीस हजारांचे कर्ज महिना शेकडा पाच दराने असेल, तर पहिल्या महिन्याच्या १,५०० रुपयांतील १,००० व्याजातच जातात आणि कर्ज फिटण्यास २३ महिने लागतात. तेच कर्ज बचत गटाकडून शेकडा एक दराने घेऊन सावकाराचे देणे चुकते केले, तर त्याच हप्त्यात ते १५ महिन्यांत फिटते. सुमारे बारा हजार रुपये घरात राहतात.

कायद्याचीही माहिती असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करावी. गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले आहेत. त्यांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज देता येत नाही. सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धंद्यासाठी भांडवल हवे असल्यास १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे चौकशी करावी. मात्र धंद्याचे कर्ज लग्नात खर्च करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

आपल्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा कर्ज काढून सण आणि लग्ने साजरी करू नका, असे आयुष्यभर सांगत राहिले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले. त्यांचा उपदेश ज्यांनी ऐकला, त्यांच्याच मुलुखात आज लग्नासाठी शेत किंवा दागिना गहाण पडावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. बौद्ध पद्धतीचा विवाह बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे, त्रिशरण-पंचशीलाने आणि वधूवरांच्या प्रतिज्ञांनी पूर्ण होतो. त्यात कर्जाने आणलेल्या वाजंत्रीला स्थान नाही.

म्हणून आमची सूचना अशी : घरची वही माताभगिनींच्या हाती असावी, कारण घरातील पीठ केव्हा संपते हे त्यांनाच आधी कळते. पौर्णिमेला वंदना झाल्यावर पती, पत्नी आणि जाणत्या मुलांनी एकत्र बसून महिन्याचा हिशेब वाचावा. कर्ज लपवून ठेवू नये. विहारात सर्वांनी मिळून लग्नखर्चाची मर्यादा ठरवावी, म्हणजे साधे लग्न करणाऱ्या एकट्या कुटुंबाला लोकांच्या बोलण्याची भीती राहणार नाही. सावकाराच्या ओट्यावर खाली मान घालून बसणारा मनुष्य मतदानाच्या दिवशी किंवा अन्यायाच्या प्रसंगी ताठ उभा राहू शकत नाही. ज्या स्वाभिमानासाठी आपण धर्मांतर केले, तो राखावयाचा असेल तर ऋणमुक्तीचा आरंभ ह्याच महिन्यापासून, आपल्या घरच्या वहीच्या पहिल्या पानावर झाला पाहिजे. जयभीम!