आकडे खरे, चित्र मात्र...

‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना धर्मराजाने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता. तरीही द्रोणाचार्यांच्या हातातले शस्त्र गळाले! खऱ्या शब्दांनी खोटा अर्थ कसा उभा राहतो हे समजावताना मराठीच्या प्राध्यापकाला उदाहरणे शोधावी लागतात. अलीकडे ती मला एका अनपेक्षित जागी सापडू लागली आहेत : कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत.

साठवणीचे चार पैसे शेअर्समध्ये घालणाऱ्या कोणत्याही घरात हे अहवाल येतात. मागची पाने बारीक आकड्यांनी गच्च भरलेली आणि पुढची रंगीबेरंगी आलेखांनी नटलेली. आपण पाहतो ती अर्थातच पुढची! आमच्या सौभाग्यवतींच्या मते यात नवल काहीच नाही. भाजीवालासुद्धा लालभडक टोमॅटो वरच्या थरालाच लावतो.

वास्तविक ही विद्या मोठी सोज्ज्वळ. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडचा व्यापार रेघांच्या चढउतारांतून दाखवला. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती एकाच वर्षाचे आकडे होते. मग त्याने रेघ ओढलीच नाही. आयात-निर्यातीचे नुसते स्तंभ काढले. माहिती जेथे संपते तेथे लेखणी थांबवावी, हा विवेक त्याच्यापाशी होता.

आता समजा, एखाद्या कंपनीची विक्री १०० कोटींवरून १०४ कोटींवर गेली. वाढ शेकडा ४. पण चित्रकाराने स्तंभांचा तळ शून्यावर न ठेवता ९८ वर ठेवला, की पहिला स्तंभ दोन बोटे आणि दुसरा सहा बोटे उंच दिसतो. विक्री तिप्पट झाल्याचा भास! दोन माणसे भिंतीआड उभी करावीत आणि नुसत्या दिसणाऱ्या डोक्यांवरून त्यांची उंची ठरवावी, तसलाच हा प्रकार. स्तंभ आपल्या लांबीने बोलतो, म्हणून त्याचे पाय दिसलेच पाहिजेत. रेघेचे तसे नाही. तापाचा तक्ता शून्यापासून काढला तर १०४ अंशांचा तापही किरकोळ वाटेल!

पण तळ कापण्याहून घातक गोष्ट म्हणजे काही आकडे मुळीच न मांडणे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाबद्दल खल चालला होता. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी दगा देईल, अशी अभियंत्यांना धास्ती होती. त्यांनी तक्तेही पुढे ठेवले. परंतु चर्चा झाली ती कडीला इजा झालेल्या उड्डाणांचीच. त्यांतले एक थंडीतले, तर एक चांगल्या उबेतले; म्हणून थंडीचा संबंध काही दिसेना. दुसऱ्या दिवशी यान उडाले आणि सात जीव गेले. पुढे चौकशी आयोगाने सुखरूप पार पडलेली उड्डाणेही त्याच आलेखात मांडली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक उबेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा होती. ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत होती. आकडे आधीही होतेच. एकत्र कोणी मांडले नव्हते.

म्हणून वाचकहो, दिवाळीच्या बोनसचे काय करावे या विचारात असाल आणि कोणी चकचकीत आलेख पुढे धरला, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. स्तंभांचा तळ कुठे आहे? आलेख नेमका याच वर्षापासून का सुरू होतो, त्याआधीची वर्षे कुठे गेली? आणि ही वाढ रुपयांची आहे की मालाची? महागाईनेही रुपये फुगतातच.

‘आलेख’ या शब्दात ‘लेख’ आहे, हे विसरू नये. लेख नुसता पाहायचा नसतो. तो वाचायचा असतो, आणि गाळलेल्या जागांसकट वाचायचा असतो.