जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळे, घाट व धर्मशाळा यांच्यापुरता राखून ठेविला आहे. वास्तविक त्याच्या व्युत्पत्तीत देवळाचा काहीच संबंध नाही. 'जॄ' म्हणजे जुने होणे, झिजणे. आणि उद्धार म्हणजे वर काढणे. जे झिजले ते वर काढणे हा जीर्णोद्धारच होय. मग ते शिवालय असो, की गोठ्याच्या पडवीत बारा पावसाळे उभी राहिलेली डिझेलची जीपगाडी असो. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु आमचे एक जुने विद्यार्थी गेली दोन वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या घराच्या अंगणात हा उद्योग करीत आहेत, आणि तो जवळून पाहताना जे ध्यानात आले ते वाचकांस सांगावेसे वाटते. वाडवडिलांची आठवण म्हणून अशा गाड्या पुष्कळ घरी पडून आहेत, व त्या पुन्हा चालत्या करण्याचा मोह तरुण मंडळींस हल्ली फार होतो.

जीप मूळची रणांगणावरची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून १९४५ पर्यंत, अमेरिकेत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत मुंबईस एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावातून त्यांचे नाव गेले. याच कंपनीने जीप आपल्याकडे रुजविली. पुढे १९८० नंतरच्या दशकात, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने इगतपुरीस बनणारे डिझेल इंजिन घालून तिने जी गाडी काढली, तीच आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगणात आहे. त्यांचे कैलासवासी वडील डॉक्टर होते. जेथे एस.टी. पोहोचत नसे अशा वाड्यांवर ते याच गाडीने रोगी पाहावयास जात. तेव्हा ही नुसती हौस नव्हे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

अशा कामास हात घालणारा मनुष्य पहिल्याने इंजिनाकडे धावतो. येथेही तसेच झाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा सुमारे एकविसांश जागेत दाबली म्हणजे ती इतकी तापते की, तीत उडविलेले तेल आपोआप पेटते. म्हणून दाब टिकून असेल, टाकीतील गाळ काढून नवे फिल्टर बसविले असतील आणि नळ्यांत शिरलेली हवा हातपंपाने बाहेर काढली असेल, तर वर्षानुवर्षे निजलेले इंजिनही जागे होते. तिसऱ्या दिवशी ते जागे झाले. आळी गोळा झाली, पेढे वाटले गेले. विद्यार्थ्यांच्या मातोश्री तेवढ्या ओटीवरून उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गाडी चालते हे ऐकू आले. आता घाटात ती थांबणार की नाही, ते सांग."

या एका प्रश्नाने पुढचे सर्व काम बदलले. आमच्या मते अशा उद्योगातील पहिला प्रश्न हाच असला पाहिजे. ब्रेक उघडले तेव्हा चारांपैकी तीन चाकांचे सिलिंडर गंजून घट्ट बसलेले आढळले. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, आणि तीच ओल आतून लोखंड खाते. म्हणून सिलिंडर, रबर व नळ्या सर्वच नव्या घालाव्या लागल्या. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तिची धूळ हवेने उडविण्याची गॅरेजांतील चाल फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. तसेच नुसत्या जॅकवर विसंबून कोणी गाडीखाली शिरू नये. खाली भक्कम घोडे द्यावे. घोड्यांस पडणारे पैसे वाचविणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची आम्हांस भीती वाटते.

ब्रेकच्या मागोमाग चासी तपासली. या गाडीचा सारा भार दोन लांब लोखंडी तुळयांच्या शिडीवर असतो. कोकणातील खारा वारा व पावसाळी चिखल त्या तुळयांच्या पोटात साचून त्यांस आतून पोखरतो, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. हातोडीने ठोकीत गेले असता चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांजवळ आवाज बद्द आला, आणि पेचकस टेकताच आरपार गेला.

येथे एका मिस्त्रीने सल्ला दिला की, भंगारातून दुसरी चासी आणावी आणि जुना नंबर तिच्यावर ठोकावा, कोण पाहतो? हा सल्ला म्हणजे सरळसरळ गुन्हा होय. पण त्यावरून आम्हांस मिलिंदपञ्हातील संवाद आठवला. नागसेन ग्रीक राजा मिलिंदास विचारतो की, तू रथातून आलास, तर दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि रथ हे केवळ एक नाव ठरते. आपल्या परिवहन खात्याला मात्र असा संशय पडत नाही. चासीवर कोरलेला अंक म्हणजे गाडी! इंजिन बदलावयाचे तरी आधी परवानगी पाहिजे व नोंद पाहिजे. पण चासीच टाकली तर ही गाडी डॉक्टरांची गाडी उरत नाही. म्हणून कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून, तितक्याच जाडीची पट्टी जाणत्या वेल्डरकडून जोडून घेतली. गंजावरच पत्रा डकविला नाही. या एका कामास चार महिने लागले आणि पैसाही सर्वांत अधिक येथेच गेला. खर्चाची वही मातोश्री लिहितात.

चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्राविषयी थोडे सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. गिअरबॉक्सच्या मागील ट्रान्स्फर केसमधून पुढच्या आसाकडे दांडा जातो, आणि लहान कांडीने तो जोडता येतो. वळणावर पुढची व मागची चाके सारखी फिरत नाहीत, आणि हा फरक सोसणारे साधन या गाडीत मधोमध नाही. चिखलात चाके किंचित घसरून तो फरक भागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र सारी यंत्रणा पिळवटून निघते. तेव्हा शेजाऱ्यांस दाखविण्यासाठी सडकेवर ती कांडी ओढू नये.

कागदपत्रांचे प्रकरण यंत्राहून किचकट आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. वडिलांच्या नावची गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी लागते ती वेगळीच. पन्नास वर्षांवरील गाड्यांस २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. परंतु ही गाडी त्या वयाची नाही. नोंदणी व विमा होईपर्यंत ती अंगणाच्या फाटकाबाहेर न्यावयाची नाही, असे घरात ठरले आहे.

राहिला रंग. जीप म्हटली की तरुणांच्या डोळ्यांपुढे लष्करी हिरवा रंग उभा राहतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीही तोच योजिला होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतरांस देऊ देत नाही, हे त्यांस पुढे कळले. दरम्यान डॅशबोर्डाच्या मागे, जेथे नंतरच्या रंगाऱ्यांचा हात पोहोचला नव्हता, तेथे मूळचा पांढरा रंग सापडला. त्याचा तळहाताएवढा तुकडा साफ करून ठेविला आहे, आणि सध्या रंगवाला त्याच्याशी आपले नमुने ताडून पाहत आहे.