चेतासंधी आणि घरची भाषा

मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींना जोडलेल्या नसून त्यांच्यामध्ये अंतर असते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला सहजासहजी पटली नाही. कामिल्लो गोल्जी यांच्या मते मज्जातंतूंचे एकच अखंड जाळे होते. त्यांनीच शोधलेली रंजनपद्धती वापरून रामोन काहाल यांनी मात्र प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे मांडले. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना विभागून मिळाले. पेशींच्या भेटीच्या जागेला ‘सिनॅप्स’ हे नाव १८९७ मध्येच मिळाले होते. आपण तिला चेतासंधी म्हणू. तिच्यातील फट मात्र १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम स्पष्ट दिसली.

ही फट अवघी २० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिच्या एका काठावर अक्षतंतूचे फुगीर टोक असते व त्यात रसायनाने भरलेल्या, सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका असतात. विद्युत्‌संदेश पोहोचला की कॅल्शियम आत शिरते, पुटिका पटलाशी एकरूप होऊन रित्या होतात आणि ते रसायन पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसते. पलीकडचा काठ पुष्कळदा वृक्षिकेवरील एखाद्या चिमुकल्या काट्यासारख्या उंचवट्याचा असतो. वारंवार वापर झाला तर हा उंचवटा पुष्ट होतो, त्यावरील ग्राही वाढतात. वापर थांबला तर तो आक्रसतो आणि कधी नाहीसाही होतो. मेंदूतील स्मृती व सवयी यांचा मोठा आधार हाच.

बालरोगतज्ज्ञाला या रचनेत विशेष रस वाटण्याचे कारण तिच्या कालक्रमात आहे. शिकागोचे पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ मध्ये मानवी मेंदूच्या पुढील भागातील चेतासंधींची मोजदाद प्रसिद्ध केली. एक ते दोन वर्षांच्या बालकात त्यांची घनता प्रौढांच्या सरासरीहून सुमारे निम्म्याने अधिक आढळली. पुढे पौगंडावस्थेपर्यंत ती उतरत जाते. निसर्ग आधी सढळ हाताने पेरतो आणि मग वापर पाहून विरळणी करतो. अधिक चेतासंधी म्हणजे अधिक बुद्धी, हे समीकरण म्हणूनच चुकीचे आहे, आणि त्याच्या आधारे महागडी ‘मेंदूविकास’ शिबिरे विकणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावे.

भाषेच्या बाबतीत ही विरळणी कानांनी ऐकू येते, असे म्हटले तरी चालेल. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्कर व टीस यांच्या प्रयोगात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक कळत होता. वर्षाच्या उंबरठ्यावर आलेल्या बाळांत ती क्षमता जवळजवळ मावळली होती. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये दाखविले की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणे ध्वनिचित्रफितीवरून ऐकून मात्र शिकली नाहीत. मोबाइलवरील बालगीते आजीच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाहीत, ती यामुळेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हैदराबादेतील आपल्या घरांत मूल बोलायला उशीर करू लागले की एक सल्ला हमखास मिळतो: ‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, मुलाचा गोंधळ होतो.’ शाळा हे सांगतात, शेजारी सांगतात आणि, खेदाने नमूद करावे लागते, आपल्या व्यवसायातील काही मंडळीही सांगतात. माझ्या मते हा सल्ला अशास्त्रीय व हानिकारक आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे वाचाविकार उद्भवत नाही. अशा मुलाचे एकेका भाषेतील शब्द थोडे कमी भरतील. दोन्हींची बेरीज करूनच मोजमाप केले पाहिजे. उलट आई-आजीला न रुळलेल्या भाषेत बोलायला लावले की त्यांचे बोलणेच आटते, आणि वाढत्या चेतासंधींना हवा असलेला रोजचा संवाद नेमका त्या वयात कमी होतो.

या सल्ल्याचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘भाषांचा गोंधळ’ हे कारण मिळाले की खरे निदान लांबणीवर पडते. न बोलणाऱ्या मुलाची प्रथम श्रवणचाचणी व्हावी, मग स्वमग्नता व विकासातील इतर विलंब तपासावेत. नवजात बालकांसाठी जगभर मान्य झालेला क्रम असा: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारांचा प्रारंभ. दोन वर्षे मराठी बंद करून वाट पाहण्यात हा मोलाचा काळ निसटतो.

बहुभाषिकतेविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा तर आपल्याच शहरातला आहे. निजाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. द्विभाषिकांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. दोनहून अधिक भाषांचा जादा लाभ मात्र आढळला नाही. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाची अंतिम सिद्धता नव्हे. तरीही दुसरी भाषा मेंदूवर ओझे टाकते, या समजुतीला त्यात कोठेही आधार नाही.

मराठी हैदराबादेत टिकावी, ही आपली सांस्कृतिक इच्छा आहे. तिला विज्ञानाचा मुलामा देण्याचे कारण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कोणतीही भाषा दिसत नाही. डॉक्टर म्हणून आपले कर्तव्य एवढेच की भाषेच्या नावाखाली चुकीचा सल्ला देऊ नये. आपल्या मंडळाने वार्षिक आरोग्य शिबिरात बालकांच्या श्रवणतपासणीचा समावेश करावा आणि प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यात पालकांना निःसंदिग्धपणे सांगावे: मुलाशी भरपूर बोला, आणि ज्या भाषेत तुम्हाला अंगाई गाता येते व रागावताही येते, त्याच भाषेत बोला. तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी ही मुले अंगणात व शाळेत शिकतीलच.