तबल्याच्या गल्लीत ‘टिक-टिक’

काशीत दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून जुन्या मराठी वाड्यांच्या गल्लीत शिरलं, की कुठून तरी तबल्याचा रियाझ कानी यावा, अशी माझी बाळबोध अपेक्षा असते. परवा रात्री नऊ वाजता आला तो ‘केबीसी’चा, म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’चा ठोका, तोही सलग तीन खिडक्यांतून. ३ जुलै २००० पासून हा आवाज भारतातल्या घराघरांत आहे, पण तो वेगळा काढून ऐकणारे थोडेच. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाचं हे संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या इंग्रज बापलेकांचं, १९९८ सालचं. त्यातली खुबी अशी, की वरच्या प्रश्नांना तीच धून दर वेळी अर्ध्या स्वराने चढते. पेटीवर सांगायचं तर काळी एक, मग पांढरी दोन, मग काळी दोन. स्पर्धकाचा घाम तिथेच फुटतो, बक्षिसाची रक्कम निमित्त! अशा धुना जमवणाऱ्या शौकिनांची खरी अडचण म्हणजे बोलणं. संगीत जवळजवळ अखंड वाजतं, पण सूत्रसंचालक गप्प बसतील तर ना! म्हणून स्पर्धक विचारात बुडाला, की हे लोक कान टवकारतात. तेवढे चार-सहा सेकंदच निर्भेळ मिळतात. त्यात २०१९ साली आपल्या अजय-अतुलनी शीर्षकधून नव्याने बांधली, म्हणजे जुनी कुठली नि नवी कुठली हा आणखी एक घोळ. काशीत राहून पुराणवस्तू शोधायच्याच, तर ही का नको?