‘भाषा सुंदर आहे’, पण कशासाठी?

एरिन मॉर्गेनस्टर्न या अमेरिकी लेखिकेची ‘द नाइट सर्कस’ (२०११) ही कादंबरी सुंदर लिहिलेली आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. सूर्यास्तानंतर उघडणारे काळेपांढरे तंबू, बर्फाची बाग, मेणबत्त्यांनी उजळलेला इच्छावृक्ष हे सारे वाचताना मन रमते. आक्षेप आहे तो पुढच्या युक्तिवादाला. ‘ही वातावरणाची कादंबरी आहे, हिच्यात कथानक आणि पात्रे शोधू नका’ असे तिचे चाहते सांगतात.

का शोधू नयेत? कथानकाचे वचन कादंबरीनेच दिले आहे. दोन जादूगार सीलिया आणि मार्को या आपल्या शिष्यांना लहानपणीच एका जीवघेण्या पैजेत बांधून टाकतात. पैज मांडली की ती खेळली जायला हवी. येथे दोघे आळीपाळीने नवनवे तंबू उभारतात. प्रत्येक तंबू आधीच्याहून देखणा. पण त्याने कोणाची सरशी झाली, कोणाची कोंडी झाली, हे काही कळत नाही. वर्षे उलटतात, माणसे होती तशीच राहतात.

जखमा भरून काढण्याची विद्या यावी म्हणून बाप सीलियाच्या बोटांची टोके पुन्हा पुन्हा कापतो. अशा बालपणातून आलेल्या स्त्रीच्या मनात काय साचले असेल? कादंबरी तिच्या रंग बदलणाऱ्या झग्यापाशी रेंगाळते, या प्रश्नापाशी नाही. आधीच्या पैजेची विजेती त्सुकिको. तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रतिस्पर्धी स्त्रीने स्वतःचा अंत करून घेतलेला असतो. खरी शोकांतिका ती. पण ती संवादातून उरकली जाते. नायक-नायिकेची मात्र सर्कशीत विरून एकत्र राहण्याची सोय लागते.

याउलट उर्सुला ल गुइन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) पाहावी. गेड गर्वाच्या भरात एक छाया मोकळी सोडतो. त्या अनर्थात वृद्ध गुरू प्राणाला मुकतो, गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. तिथेही भाषा सुंदरच आहे. पण ती वाचकाची नजर त्या किमतीवरून हलू देत नाही. अद्भुताला नियम लागतात ते यासाठीच. सारेच शक्य असेल तर काहीच गमावले जात नाही, आणि जिथे गमावणे नाही तिथे निवडीलाही अर्थ नाही.

हा प्रश्न आपल्या वर्गातलाही आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) शिकवताना योगायोगांवर चालणारे कथानक आणि ठोकळेबाज पात्रे हे दोष आपण हमखास सांगतो. तेच दोष एकविसाव्या शतकात झुळझुळीत भाषा लेवून आले की माफ करायचे असतील, तर आपली कसोटी वाङ्मयीन नव्हती, केवळ अभिरुचीच्या फॅशनची होती, असे म्हणावे लागेल. उत्तरपत्रिकेत ‘भाषाशैली सुंदर आहे’ हे वाक्य दिसले की आपण गुण देऊन पान उलटतो. यापुढे त्या वाक्याशेजारी लाल शाईने एकच शब्द लिहावा: कशासाठी?